पाटी आणि पदार्थ

माणसाची परीक्षा त्याच्या पदवीवरून करूं नये असें आपण मुलांना नेहमीं सांगतों; परंतु बाजारांत पाऊल टाकलें कीं आपणच प्रथम पाटी वाचतों आणि पदार्थाकडे मागाहून पाहतों. पाटीवर लिहिलें आहे तेंच आंत असणार, असें गृहीत धरल्यावांचून संसार चालत नाहीं, हेंहि खरेंच. पण हें गृहीत किती कच्च्या पायावर उभें असतें, याचा प्रत्यय गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं आला. निमित्त होतें आमच्या भाच्याच्या संगणकाचें.

भाचा नगरास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतो आणि सुटीचे दिवस आमच्याकडे सुप्यास काढतो. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, पारनेर तालुक्यांतलें हें आमचें गांव आतां निव्वळ शेतकऱ्यांचें राहिलेलें नाहीं. औद्योगिक वसाहत झाली, कारखाने आले, परगांवचीं बिऱ्हाडें आलीं. तालुक्यांतल्या डोंगरांवर पवनचक्क्यांचीं पातीं फिरूं लागलीं. तरी वळवाचा एक काळा ढग डोंगराआड दिसला कीं घरोघरचे दिवे मालवावयाचे, ही गांवाची जुनी परंपरा मात्र अबाधित आहे. पुढील हकीकतींत तिचाहि थोडा भाग आहे, म्हणून हें आधींच सांगून ठेवितों.

यंदा येतांना भाच्यानें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेलें ग्राफिक्स कार्ड आणलें होतें. संगणकाच्या पडद्यावर चित्रें उमटविण्याचें जें अफाट गणित असतें, तें करणारा हा स्वतंत्र भाग. एएमडी कंपनीनें २०१६ च्या जूनमध्यें बाजारांत आणलेल्या 'आरएक्स ४८०' जातीचें तें कार्ड होतें. पुढें २०१७ च्या एप्रिलमध्यें त्याच कंपनीनें 'आरएक्स ५८०' काढलें. दोहोंतील चिप एकाच आराखड्याची. गणित करणारे घटकहि दोहोंत सारखेच, २३०४. मुख्य भेद वेगाचा. पहिल्याचा कमाल वेग कंपनीनें १२६६ मेगाहर्ट्झ ठरविलेला, दुसऱ्याचा १३४०.

"मामा, ह्या चारशें ऐशींचें मी आज पांचशें ऐशीं करणार आहें," जेवतां जेवतां भाचा म्हणाला.

"म्हणजे नवे भाग बसविणार कीं काय?"

"भाग एकहि बदलायचा नाहीं. फक्त त्याची जन्मपत्रिका बदलायची!"

ही जन्मपत्रिका म्हणजे काय, तें त्यानें सांगितलें तसें वाचकांपुढें ठेवितों. प्रत्येक कार्डावर एक लहानशी स्मृतीची चिप असते. तींत कायमच्या लिहून ठेवलेल्या आज्ञांना फर्मवेअर म्हणतात. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतींत बायॉस असाहि शब्द रूढ आहे. तूं कोण आहेस, किती वेगानें धांवावेंस, किती दाबाची वीज घ्यावीस, किती तापलास म्हणजे पंखा जोरानें फिरवावास, हें सारें त्यांत लिहिलेलें असतें. संगणक सुरू होतांच कार्ड प्रथम हें वाचतें आणि त्याबरहुकूम वागूं लागतें. जुना मजकूर पुसून तेथें नवा लिहिणें यास 'फ्लॅश करणें' म्हणतात. सख्ख्या पण वेगवान भावाचें फर्मवेअर ह्याच्यावर लिहिलें, तर हेंहि स्वतःस तोच समजून धांवूं लागतें.

"पण एकच वस्तु दोन नांवांनीं विकायची कशाला?" असें सौ.नें विचारलें. प्रश्न मार्मिक होता, आणि त्याचें उत्तर तिच्याच स्वयंपाकघरांत सांपडण्यासारखें आहे. एका घाण्यांत तळलेल्या सगळ्या चकल्या अखंड निघत नाहींत. अखंड तेवढ्या पाहुण्यांच्या ताटांत जातात; मोडलेल्या घरच्यांच्या वांट्यास येतात. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर कोरलेल्या चिपांचें असेंच होतें. ज्यांचा एखादा कोपरा अधू निघाला, त्यांचा तेवढा भाग बंद करून त्या कमी किंमतीच्या नांवाखालीं विकावयाच्या, ही रीत सरळ आहे. पण समजा, घाणा उत्तम साधला, सगळ्या चकल्या अखंड निघाल्या, आणि गिऱ्हाइकें मात्र तुकडेच मागूं लागलीं, तर? मग धड चकल्याहि तुकड्यांच्या डब्यांत जातात. फर्मवेअर बदलून लाभ होतो तो ह्या दुसऱ्या प्रकारांत. आणि डबा उघडल्यावांचून आपल्या वांट्यास कोणता प्रकार आला आहे, हें कळत नाहीं.

ही युक्ति कांहीं आजची नव्हे. १९९१ सालीं इंटेल कंपनीनें '४८६ एसएक्स' नांवाची चिप काढली. '४८६ डीएक्स' मध्यें अपूर्णांकांचें गणित जलद करणारा जो भाग असे, तो हींत बंद करून ठेवलेला होता. ज्याला तो हवा असेल त्यानें '४८७' नांवाची जोडचिप वेगळी विकत घ्यावी, अशी योजना होती. मौज अशी कीं, ही जोडचिप म्हणजे वस्तुतः संपूर्ण डीएक्सच असे. ती बसवितांच मूळची चिप स्वस्थ झोंपीं जाई आणि सगळा कारभार नवीच पाही!

ग्राफिक्स कार्डांत ह्या प्रकारचें नांवाजलेलें उदाहरण २०१० च्या डिसेंबरमधलें आहे. त्या महिन्यांत एएमडीनें 'एचडी ६९५०' आणि 'एचडी ६९७०' अशीं दोन कार्डें काढलीं. पहिल्याची किंमत २९९ डॉलर, दुसऱ्याची ३६९. पहिल्यांत १४०८ घटक चालूं, दुसऱ्यांत १५३६. जोडलेले १२८ घटक पहिल्यांतहि होते. पण ते फर्मवेअरनें निजवून ठेवलेले. वर्ष संपण्यापूर्वींच ही गोष्ट हौशी मंडळींनीं हुडकून काढली, आणि फर्मवेअर बदलतांच तें सैन्य जागें झालें. पुढें विकावयास आलेल्या पुष्कळ कार्डांत हे घटक कारखान्यांतच कायमचे तोडलेले असत, हें सांगावयास नकोच. २०१६ सालच्या '४८०' च्या पहिल्या तुकडींतहि असाच प्रकार झाला. ४ जीबीच्या कांहीं कार्डांवर प्रत्यक्षांत ८ जीबी स्मृति बसविलेली होती. फर्मवेअर बदलतांच ती सगळी मोकळी झाली.

भाच्याची तयारी मात्र वाखाणण्यासारखी होती. मूळचें फर्मवेअर त्यानें प्रथम उतरवून दोन ठिकाणीं जपून ठेविलें. आपल्या कार्डावरील स्मृतीच्या चिपा कोणत्या कंपनीच्या आहेत हें तपासलें. कारण परक्या स्मृतीसाठीं लिहिलेलें फर्मवेअर घातलें, तर पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते किंवा कांहींच उमटत नाहीं. त्याच्या कार्डावर दोन स्वतंत्र फर्मवेअरें आणि त्यांतून एक निवडण्याची बारीक कळ, अशी सोय होती. एकास हात लावावयाचा आणि दुसरें आपत्काळासाठीं राखावयाचें, हा त्याचा बेत.

दुपारीं चारच्या सुमारास त्यानें लिहिण्यास आरंभ केला. हें काम एकदोन मिनिटांचें. पण तेवढ्यांत वीज जातां कामा नये. अर्धा मजकूर जुना आणि अर्धा नवा, अशा अवस्थेंत कार्डाची शुद्ध हरपते. आमच्याकडे इन्व्हर्टर असल्यामुळें भाचा निश्चिंत होता. ढग आला, वारा सुटला आणि परंपरेनुसार वीज गेली. इन्व्हर्टरनें एक क्षीण आवाज काढला आणि तोहि गप्प झाला. त्याच्या बॅटरींत पाणी घालण्याचें काम घरांत माझ्याकडे आहे, आणि तें मी दोन महिने विसरलों होतों. माझ्या प्रमादाची कबुली मीं तेथल्या तेथें देऊन टाकली. भाचा कांहीं बोलला नाहीं, हा त्याचा सुसंस्कृतपणा.

वीज आली ती सायंकाळीं. संगणक सुरू केला, पण पडद्यावर काळोख. मग भाच्यानें ती बारीक कळ दुसरीकडे सरकविली. राखून ठेविलेल्या फर्मवेअरवर कार्ड जागें झालें. तें चालूं असतांनाच कळ पुन्हां पहिल्या जागीं आणून त्यानें बिघडलेला मजकूर नव्यानें लिहिला. ह्या वेळीं सर्व यथासांग पार पडलें, आणि पडद्यावर कार्डाचें नांव आलें 'आरएक्स ५८०'.

पुढें दोन दिवस तो त्यावर निरनिराळे भार घालून पाहत होता. कार्ड टिकलें, पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा घुमूं लागला. मीं हिशेब मांडला. वेगांत वाढ शेंकडा सहाहून थोडी कमी. कंपनीनेंच ठरविलेला विजेचा खर्च पाहावा, तर '४८०' चा १५० वॅट आणि '५८०' चा १८५. म्हणजे वाढ शेंकडा तेवीसच्या आसपास. "असला सौदा भाजीबाजारांत केला असतास, तर मीं तुला परत पाठविलें असतें," एवढाच शेरा सौ.नें मारला.

खरी अडचण यानंतर उभी राहिली. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलास असेंच एखादें कार्ड हवें होतें. त्याचे वडील वसाहतींतल्या एका कारखान्यांत नोकरी करतात. पैसे जपून खर्च करणारें घर. भाच्यानें त्याला आपलें कार्ड देऊं केलें, तें पांचशें ऐशीं म्हणून. आणि किंमत लावली तीहि पांचशें ऐशींची. मला हें कळलें तेव्हां मीं त्याला जवळ बोलाविलें.

"अरे, हें चारशें ऐशीं आहे ना?"

"मामा, चिप त्याच आराखड्याची, घटक तेवढेच, वेग तोच. मग पांचशें ऐशीं म्हटलें तर खोटें काय? कंपनी तरी दुसरें काय करते? धड माल अधू म्हणून विकते, तो तिचा व्यापार. आणि मीं वरचें नांव दिलें तर ती लबाडी?"

खरें सांगतों, मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. वडीलपणाच्या जोरावर गप्प करणें सोपें होतें. पण प्रश्न रास्त होता आणि मुलगा मनाचा खोटा नव्हता.

उत्तर मिळालें दुसऱ्या दिवशीं, तेंहि अनपेक्षित ठिकाणीं. मळ्यांतील विहिरीवरची मोटार जळाली होती, म्हणून तिची गुंडाळी पुन्हां भरून घेण्यास गेलों होतों. मोटारीच्या पाटीवर तीन एच.पी. लिहिलेलें. कारागिरानें ती उघडली आणि तो हंसला. "मालक, पाटी तिनाची, पण आंत तार पांचाची भरलीय कुणीतरी. म्हणून तर जळाली. तुमची केबल आणि स्टार्टर तिनाचेच." मीं विचारलें, "मग आतां काय भरणार?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तें भरूं. पण जें भरीन तें आंतल्या अंगाला रंगानें लिहून ठेवतों. उद्यां मी नसलों तरी उघडणाऱ्याला कळलें पाहिजे."

पाटी हें नुसतें वर्णन नसतें. तें वचन असतें. कंपनी धड चिपेस कमी नांव देते, तेव्हां घेणाऱ्याच्या पदरांत कबूल केल्याहून उणें कांहीं पडत नाहीं. आणि त्या नांवामागें मुदतीपुरती तरी ती उभी असते. वरचें नांव देणाऱ्यावर ही जबाबदारी अधिक आहे. कारण १२६६ साठीं पारखलेली चिप १३४० वर दोन दिवस चालली म्हणून दोन वर्षें चालेल, असें वचन देण्यास आधार नाहीं. आपल्या वस्तूवर आपल्या जोखमीनें प्रयोग करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, आणि जिज्ञासु मुलांनीं तो अवश्य बजावावा. पण प्रयोगाची जोखीम न सांगतां दुसऱ्याच्या गळ्यांत बांधली, कीं प्रयोग संपतो आणि फसवणूक सुरू होते. जगांत ही फसवणूक उघड चालते. जुनाट चिपांवर खोटें फर्मवेअर लिहून तीं कार्डें नव्या नांवानें इतकीं विकलीं गेलीं, कीं कार्डाची माहिती दाखविणाऱ्या 'जीपीयू-झेड' ह्या प्रोग्रॅममध्यें २०१८ सालीं अशीं बनावट कार्डें ओळखण्याची सोय करावी लागली.

घरीं आल्यावर भाच्यास मीं उपदेश केला नाहीं. मोटारीची हकीकत तेवढी सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. संध्याकाळीं त्यानें शेजारच्या मुलास आणि त्याच्या वडिलांस बोलावून सगळी गोष्ट सांगितली, वीज गेल्याची सुद्धां; कळ दाखविली आणि किंमत बाराशें रुपयांनीं उतरविली. वडिलांनीं एकच प्रश्न विचारला: "आमच्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा लहान आहे, त्याला हें झेंपेल का?" विचाराअंतीं कळ जुन्या जागीं ठेवावयाचें ठरलें. म्हणजे एवढा खटाटोप करून कार्ड गेलें तें चारशें ऐशीं म्हणूनच!

देण्यापूर्वीं भाच्यानें त्याच्या पाठीवर कागदाची एक चिठ्ठी चिकटविली. तिच्यावर कोणत्या बाजूस कोणतें फर्मवेअर आहे, तें केव्हां लिहिलें, आणि खालीं त्याची सही. त्या चिठ्ठीचा मला जो आनंद झाला, तो त्याच्या परीक्षेच्या निकालाचाहि कधीं झाला नव्हता.

मीं मात्र त्याच रात्रीं इन्व्हर्टरच्या बॅटरींत पाणी घातलें, आणि तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेविली.