सहीची चावी ताईंच्याच हाती हवी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बौद्धवाडीत आमचे जाणे झाले. तिथल्या एक ताई राखीव जागेवरून सरपंच झालेल्या. चहा घेता घेता आम्ही सहज विचारले, "ताई, डिजिटल सहीची चावी कुठे ठेवता?" ताई म्हणाल्या, "ती हापिसातच असते, भाऊ. फोनवर नंबर येतो, तो फक्त मी सांगते."

घरी आलो तरी ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना.

बंधू-भगिनींनो, ग्रामपंचायतीच्या कामांचा हिशेब ई-ग्रामस्वराज या संगणक प्रणालीवर ठेवला जातो. ती २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. गावाचा वार्षिक आराखडा, कामाची प्रगती, वित्त आयोगाच्या पैशांचा खर्च, सारे तिच्यावर नोंदवायचे. तिच्यात प्रत्येकाचा अधिकार ठरलेला आहे. बिलाची नोंद करणारा तो 'मेकर', तपासून मंजुरी देणारा तो 'चेकर'. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या झाल्याशिवाय पैसा हलत नाही. एकाची चूक वा लबाडी दुसऱ्याने अडवावी, हा त्यामागचा हेतू. पण दोन्ही चाव्या एकाच खिशात गेल्या, तर दोन सह्यांना अर्थ काय उरला? उद्या चौकशी लागली, तर नाव कुणाचे येणार? आपल्या ताईंचेच!

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याचे कलम ४२ सांगते की, ज्याची सही त्यानेच तिची चावी जपावी. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवावे.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि अनुसूचित जातींना व स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. खुर्ची मिळाली, पण चावी दुसऱ्याकडे असेल तर अधिकार मिळाला असे कसे म्हणावे? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. ज्या पाण्यासाठी बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सत्याग्रह केला, त्याच पाण्याच्या बिलावर आज आपल्या भगिनीची सही लागते. ती सही डोळे मिटून कशी होऊ द्यायची?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. चावी घरी, आपल्या पेटीत ठेवा. पिन आणि फोनवर आलेला नंबर कुणालाही सांगू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. सही करण्याआधी कामाचे नाव, रक्कम आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे तिन्ही वाचा. वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा. त्यात कमीपणा नाही. मुदत संपली की जुनी सही बंद झाली ना, याची खात्री करा.

वाडीतल्या तरुणांनो, गावाचा आराखडा आणि खर्च या प्रणालीवर कुणालाही पाहता येतो, त्याला पासवर्ड लागत नाही. तो पाहा आणि ग्रामसभेत, त्याआधी होणाऱ्या महिला सभेतही, प्रश्न विचारा.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्या मातीतल्या लेकीची सही तिच्याच हातची असली पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!