हौद्याबाहेर आलेली काठी

आपल्या वार्षिक अंकात हुंडाबंदी, पर्यावरण, मोबाइलचे दुष्परिणाम आणि एखादा सूर्यास्त हे विषय बहुधा येतातच. ते यावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मासे गरवायच्या काठ्या पिकअपमधून कशा न्याव्यात, हा लेखाचा विषय होऊ शकतो का? मी तो सांगितला तेव्हा मैत्रिणी हसल्या. एका प्राध्यापकांनी विचारले, "हा कला शाखेचा विषय आहे का?" प्रश्न रागाचा नव्हता, कुतूहलाचा होता. म्हणून उत्तर येथे जरा सविस्तर देते.

माझे वडील रत्नागिरीत मालवाहू पिकअप चालवतात. मिरकरवाडा बंदरावरून मासळीचे क्रेट आणि बर्फ, हा त्यांचा मुख्य धंदा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा सिमेंट, कलमे, मांडवाचे सामान, मिळेल ते भाडे घ्यायचे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी मला 'शिकलेली' म्हणतात आणि येथे वर्गात मी 'पिकअपवाल्यांची' असते. या दोन्हींच्या मधल्या जागेतून हा विषय मला दिसला.

पूर्वी आमच्याकडे गरवणे म्हणजे बांबूची काठी, तंगूस आणि गरी, एवढाच संसार होता. खाडीच्या कडेला बसून माणसे घरच्या कालवणापुरते मासे गरवीत, अजूनही गरवतात. आता मात्र पुण्या-कोल्हापूरकडून हौशी मंडळी येतात. त्यांच्याकडे कार्बनच्या काठ्या असतात, फिरकीची यंत्रे असतात आणि एकेका काठीला दहा-पंधरा हजार मोजलेले असतात. तांबोशी, गोबरा, जिताडा यांच्या आशेने ही मंडळी कातळावर रात्र काढतात. त्यांचे तंबू, बर्फाच्या पेट्या आणि काठ्या पोहोचवायला पिकअप लागतो. या भाड्यांनी आमच्या घरचे सुनेसुने महिने थोडे भरून निघतात, हे मी कृतज्ञतेने सांगते. हौशी मंडळींवर टीका करण्यासाठी हा लेख नाही.

गेल्या वर्षी अशाच एका भाड्यात काठीचे टोक मोडले. बाबांनी आधीच सांगितले होते, "साहेब, काठ्या शेवटी ठेवू, मी बांधतो." साहेबांना घाई होती. त्यांच्यातल्याच एकाने पेट्यांवर काठ्या आडव्या टाकल्या आणि फाळका लावला. मुक्कामी उतरताना एक काठी शेंड्यापाशी मोडलेली निघाली. "ड्रायव्हर, गाडी कशी आपटत आणलीस?" असे म्हणून ठरलेल्या अठराशेतले पाचशे रुपये कापून घेतले. बाबा वाद घालीत बसले नाहीत. परतीच्या वाटेवर ते एवढेच म्हणाले, "मोडली कुठे ते त्यांना पण माहीत नाही, मला पण नाही."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आणि त्या काठ्यांची थोडी माहितीही मिळवली. बाबांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. कार्बनचे तंतू काठीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असतात. त्यामुळे मोठा मासा ओढत असताना काठी कमानीसारखी वाकली तरी ती ते सहन करते. त्यासाठीच ती बनवलेली असते. पण आडवा फटका, दाब किंवा टोकदार वस्तूचा टोला तिला सोसत नाही. पेटीची कड लागली, शिशाचे वजन आपटले, की पोकळ नळीला बारीक तडा जातो. तो डोळ्यांना दिसतही नाही. पुढे कधी तरी, कदाचित महिनाभराने, काठीवर ताण येतो आणि ती त्याच जागी मोडते. म्हणजे मोडते एकीकडे आणि दुखावलेली असते भलतीकडे! काचतंतूची काठी जड, पण या बाबतीत ती पुष्कळ सोशिक. बांबू तर त्याहून. तेव्हा शेवटी काठी ज्याच्या हाती होती त्याला दंड करणे हा न्याय म्हणायचा की सोय? मला तरी ती सोय वाटते, आणि अशा सोयीचा भार नेहमी ज्याचे भाडे अजून यायचे आहे त्याच्यावरच पडतो.

मालकाने काय करावे, हे फार अवघड नाही. बहुतेक काठ्या दोन तुकड्यांच्या असतात. नऊ फुटांची काठी सोडवली की साडेचार फुटांची होते. ती जोडलेलीच न्यायची हौस कशाला? दोन्ही तुकडे कापडी पिशवीत घालावेत. प्लंबरकडे मिळणाऱ्या चार इंची पीव्हीसी पाइपचा पाच फुटांचा तुकडा घ्यावा, एका तोंडाला टोपण कायमचे चिकटवावे, दुसऱ्याला फिरकीचे लावावे आणि तळाशी स्पंजचा गोळा ठेवावा. अशा नळीत दोन-तीन काठ्या सुखाने राहतात. तळाच्या टोपणाला एक बारीक भोक हवे, म्हणजे खारे पाणी आत साचत नाही. फिरकीचे यंत्र काढून केबिनमध्ये ठेवावे. गरी दोऱ्यालाच राहू द्यायची असेल तर तिच्यात थर्मोकोलचा किंवा बुचाचा तुकडा खुपसावा. उघडी गरी हौद्यात लोळत असली की तिचा पहिला मासा म्हणजे सामान उतरवणाऱ्याचा हात.

आता नळी नाहीच आणली, तर? येथे बाबांचे काम सुरू होते, आणि माझ्या मते खरा विषयही येथेच आहे. हौद्यात सामान लावणे म्हणजे नुसती ताकद, अशी आपली समजूत असते. बाबा काठीची मूठ केबिनकडे आणि शेंडा मागे ठेवतात. मी कारण विचारले. ते म्हणाले, ब्रेक मारला की सामान पुढे धावते. शेंडा पुढे असेल तर केबिनच्या पत्र्यावर आधी तोच आपटेल. मूठ पुढे असली तर मार मुठीला. पण मग शेंडा फाळक्याजवळ येतो. म्हणून मागे वीतभर जागा सोडायची आणि फाळका लावण्यापूर्वी हात फिरवून पाहायचे. घाट चढताना सामान उलट मागे सरकते. त्यासाठी मुठींपाशी एक दोर वेगळा. पेट्या आणि क्रेट खाली, जड ते केबिनला टेकून, काठ्या सर्वांत वर किंवा बाजूच्या पत्र्याला लागून आणि खाली गोणपाट. वर ताडपत्री; पण तिचा दोर काठ्यांवरून आवळायचा नाही. दोरीला मध्ये फास घेऊन तिचे टोक हुकाखालून आणून त्या फासातून ओढले, की ताकद कमी लागते आणि ताण भरपूर बसतो. ती गाठ मीही शिकले आहे. सिमेंटच्या गोणीला तो ताण योग्य, काठीला मात्र घातक. काठी बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बरी; ती धरते, पण आवळत नाही.

हे सगळे बाबांना कोणी वहीत लिहून दिलेले नाही. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. तरी यात गती आहे, घर्षण आहे, तरफ आहे आणि थोडी भूमितीही आहे. आमच्या गाडीचा हौदा आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. सरळ ठेवली तर नऊ फुटांची अखंड काठी मागे एक फूट बाहेर येणार. बाबा ती कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी ठेवतात आणि ती पूर्ण आत बसते. मी पायथागोरसाने गणित करून पाहिले. कर्ण साडेनऊ फुटांहून थोडा अधिक निघाला. मी मोठ्या अभिमानाने हे त्यांना सांगितले, तर ते म्हणाले, "मग मी काय वेगळं केलं?"

येथे मी मुद्दाम जरा थांबते. परीक्षेत कर्ण काढला की दोन गुण मिळतात. हौद्यात कर्ण काढला तर त्याला ज्ञान म्हणत नाहीत, 'हमाली' म्हणतात. भाडे ठरवताना किलोमीटर मोजतात, डिझेल मोजतात. बांधणीचा अर्धा तास कोणी मोजत नाही. पण काही मोडले, की त्या न मोजलेल्या अर्ध्या तासाची किंमत मात्र अचूक काढली जाते. मला वाटते, बांधणीचे पैसे वेगळे ठरवावेत आणि मालकाने स्वतःच सामान टाकले असेल तर त्याची जबाबदारी त्याची, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. चढवताना मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवले तरी अर्धे तंटे मिटतील.

काठी मोडली तर पैशांचे नुकसान होते. काठी बाहेर आली तर काय होते, तो भाग अधिक गंभीर आहे. बारा फुटांची अखंड बांबूची काठी कर्णातही मावत नाही. मग ती मागे काढायची आणि टोकाला तांबडे फडके बांधायचे, ही आपल्याकडची सर्वमान्य रीत. फडके बांधले की कायदा पाळला, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. एके काळी त्यात थोडे तथ्यही होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९३ व्या नियमात काठी, सळई अशा लांब मालाला मागे एक मीटरपर्यंत बाहेर येण्याची सवलत होती. बाहेर आलेल्या सळयांनी मागच्या वाहनांतील माणसांचे जीव जातात, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ साली ही सवलत काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर माल आल्यास दंड वीस हजार रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. आमच्या त्या अठराशेच्या भाड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा!

पण दंडापेक्षा मला दुचाकीवाल्याची भीती वाटते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तांबडे फडके काळे दिसते. काठीचे टोक आपल्याकडेच रोखलेले असेल तर मागून येणाऱ्याला तिची लांबी कळत नाही. दिसतो तो फक्त एक ठिपका. पिकअप खड्ड्यासाठी हळू होतो, आणि तो ठिपका नेमका डोळ्यांच्या उंचीवर असतो. लोखंडी सळईची भीती सर्वांना वाटते. बांबूची कोणाला वाटत नाही, कारण तो 'आपला' आहे.

काही जण यावर तोड काढतात आणि काठ्या उभ्या धरून एक मुलगा मागे हौद्यात बसवतात. हे तर अधिकच वाईट. मालाचा हौदा माणसे बसवण्यासाठी नाही, आणि आमच्या गावांतून विजेच्या तारा कोठे कोठे फार खाली आलेल्या आहेत. कार्बनमधून वीज वाहते. ओला बांबूही भरवशाचा नाही. मासा पकडायला निघालेल्या मुलाच्या हातात आपण काय देतो आहोत, याचा विचार कोणी करीत नाही.

कोणी म्हणेल, गरिबाने मग बारा फुटांची काठी न्यायची कशी? हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला एकच उत्तर नाही. खाडी जवळ असेल तर खांद्यावर आडवी न धरता हातात उभी, तारा पाहून, पायी. लांब असेल तर मधोमध पितळी नळीचा सांधा बसवून काठीचे दोन तुकडे करता येतात. जुन्या गरवणाऱ्यांना हे पटत नाही. सांध्याने काठीची लवचीकता जाते, असे ते म्हणतात, आणि त्यांचे अगदी चूक आहे असेही नाही. तरीही मी सांध्याच्याच बाजूने आहे. थोडी लवचीकता गेलेली चालेल.

जाता जाता घरचेच एक उदाहरण. घर म्हणजे आपले महाविद्यालय. गेल्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मांडवाचे बांबू घेऊन एक पिकअप फाटकातून आत आला. बांबू निदान पाच फूट मागे बाहेर होते. टोकाला फडके होते आणि त्याच सुमारास सायकलतळावरून शंभर-दीडशे मुले-मुली बाहेर पडत होती. कोणी काही बोलले नाही. मीही फाटकापाशी मैत्रिणींना मागे ओढण्यापलीकडे काही करू शकले नाही, कारण तो चालक बाबांच्या ओळखीचा होता आणि त्याला तेवढीच गाडी परवडते हे मला ठाऊक होते. गाडी आपणच ठरवली होती, सर्वांत स्वस्त म्हणून. तेव्हा यंदाच्या संमेलन समितीला माझी विनंती आहे की बांबू किती फुटी आहेत हे आधी विचारावे आणि तेवढ्या लांबीची मोठी गाडी सांगावी, भाडे हजारभर जास्त पडले तरी. बाबांची गाडी सांगू नये. तिचा हौदा आठ फुटांचाच आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला