आभाळाचे पांघरूण

वाचकहो, पौषातल्या निरभ्र रात्री गव्हाला पाणी धरायला गेलात तर हात बधिर होतात. (वीज नेमकी तेव्हाच येते, त्याला इलाज नाही!) चार दिवसांनी आभाळ येते आणि रात्री घोंगडी नकोशी वाटते. सूर्य तर दोन्ही रात्री नसतो. मग ही ऊब आली कुठून?

ती वरून आली. दिवसा तापलेली जमीन रात्रंदिवस न दिसणारे उष्ण किरण सोडत असते. ढग, हवेतली वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू हे किरण गिळतात, आणि ती उष्णता वरही सोडतात, खालीही.

याचा हिशेब शास्त्रज्ञ वाण्याच्या वहीसारखा मांडतात. समजा, पांघरूण मुळीच नाही. सूर्याकडून जमिनीला एक वाटा जमा, आणि तिच्याकडून आकाशाला एक वाटा खर्च. अशा पृथ्वीचे सरासरी तापमान येते शून्याखाली १८ अंश. विहिरीही गोठायच्या! आता वर एक थर घाला. तो ऊन आत येऊ देतो, पण जमिनीची सगळी उष्णता गिळतो. जमाखर्च जुळायचा तर एक वाटा आकाशात परत गेलाच पाहिजे, आणि तो आता या थरानेच सोडायचा. पण थराला अंगे दोन. वर एक वाटा सोडला की खालीही एक सुटतो. जमिनीला सूर्याचा एक आणि थराचा एक, असे दोन वाटे मिळतात. उत्तर येते ३० अंश. दोन थर घातले तर तीन वाटे, आणि ६२ अंश!

खरी सरासरी मात्र १५ अंशांच्या आसपास आहे. खऱ्या हवेचे पांघरूण विरळ विणीचे. काही उष्णता त्यातून निसटते, काही वर चढणारी हवा आणि वाफ घेऊन जाते. शुक्रावर कार्बन डाय-ऑक्साइडचे पांघरूण एवढे दाट आहे की तिथे ४६० अंशांच्या घरात तापते.

याला ‘हरितगृह परिणाम’ म्हणतात, पण नाव थोडे फसवे आहे. काचघर तापते ते मुख्यतः आतली गरम हवा कोंडल्यामुळे.

कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. कोळसा आणि तेल जाळून आता तो ४२०च्या वर गेला आहे. वीण घट्ट होत चालली आहे, आणि गव्हाला तर थंडी हवी. ऊब लवकर आली की फुटवे कमी येतात, दाणा भरायला दिवस पुरत नाहीत. मार्च २०२२ हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या उष्म्याने पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा बारीक राहिला. म्हणून बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच पेरून घ्या.