पाण्याची वाट

काळी जमीन ओलावा धरून ठेवते म्हणून उत्तम, असे आपण परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवतो. माझ्या मते हे उत्तर अर्धेच आहे. अर्धापूरच्या केळी-हळदीच्या शिवारात ओढ्याकाठची भारी जमीन पाहा. पुराच्या पाण्यातली वाळू आधी खाली बसते, ०.००२ मिलिमीटरहून बारीक असे चिकणमातीचे कण पाणी संथ झाल्यावरच बसतात. त्यांतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि वरचे पाणी खाली उतरेनासे होते. जमीन चिबडते. मुळे गुदमरतात ती हवेवाचून, कारण ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मग हळदीचा कंद कुजेल नाही तर काय! उन्हाळ्यात तडकून ही जमीन श्वास घेते. इसापूर धरणाच्या कालव्यावर बारमाही ओलीत करताना तीही सवड उरत नाही. म्हणून पाटाआधी निचऱ्याचा चर खोदावा, आणि शाळेत सिंचनाइतकाच निचराही शिकवावा.

शिक्षकांनी भोके पाडलेल्या दोन डब्यांत वाळू व ही माती भरून, सारखे पाणी ओतून वेळ मोजावा. माती मात्र आदल्या दिवशी भिजवा. कोरडी असल्यास पाणी भेगांतून भर्रकन निघून जाते.