‘फक्त आठ टक्के’ फी वर्षाअखेर किती होते? घर सांभाळायला देण्याआधी हा हिशेब करा

मुलगा पुण्यात नोकरीला, आई-वडीलही त्याच्याकडे गेलेले आणि जालन्यातले घर भाड्याने दिलेले. अशा घरांचा भाडेकरू शोधणे, भाडे वसूल करणे, मोटर-नळ दुरुस्त करून घेणे ही कामे एजंटकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे सोपवली जातात. मोठ्या शहरांत हेच काम प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपन्या करतात. मोबदला टक्क्यांत सांगितला जातो. पण टक्का किती, यापेक्षा तो कशावर आणि त्याशिवाय आणखी काय, हे विचारायला हवे.

हिशेब असा मांडा

समजा, भाडे महिना ८,००० रुपये आहे. घर एक महिना रिकामे राहिले, म्हणजे वर्षाचे भाडे आले ८८,०००.

- दरमहा ८ टक्के फी : ७,०४० रुपये
- नवा भाडेकरू आणल्याबद्दल एक महिन्याचे भाडे : ८,००० रुपये
- ६,००० रुपयांच्या दुरुस्तीवर १० टक्के : ६०० रुपये

एकूण १५,६४० रुपये, म्हणजे भाड्याच्या जवळपास १८ टक्के. सेवा देणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के कर. मग आकडा जातो १८,४५५ रुपयांवर, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांवर. जीएसटी क्रमांक नसलेल्याला मात्र हा कर लावता येत नाही.

टक्का कशावर?

फी ‘ठरलेल्या’ भाड्यावर असेल, तर घर रिकामे असतानाही ती द्यावी लागू शकते. ‘जमा झालेल्या’ भाड्यावर असेल, तर वसुलीची काळजी सांभाळणाऱ्यालाही राहते. आमच्या मते दुसरी पद्धतच रास्त.

आयकरातही या फीची वेगळी वजावट नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. खर्च त्याहून जास्त झाला तरी ती वाढत नाही.

जबाबदारी मालकाचीच

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘एजंटने केले नाही’ ही सबब चालत नाही. महारेराची एजंट नोंदणीही विक्री व्यवहारांसाठी आहे, भाड्यासाठी नाही. त्यामुळे वाद झाल्यास हातात असतो तो फक्त तुमचा कागद.

कागदावर काय हवे?

फी कशावर, नूतनीकरणाला किती, किती रुपयांपुढच्या दुरुस्तीला तुमची परवानगी लागेल आणि किती दिवसांच्या नोटिशीने काम थांबवता येईल, हे लिहून घ्या. भाडे आणि डिपॉझिट थेट तुमच्या खात्यात घ्या आणि फी नंतर द्या.

चांगल्या माणसाला चांगला मोबदला द्यायलाच हवा; दूर राहून घर सांभाळणे सोपे नाही. पण ‘घरचाच माणूस आहे, कागद कशाला?’ हे वाक्य शेवटी दोघांनाही महागात पडते.