व्रणाची गाठ आणि घरगुती लेप

कान टोचल्यानंतर काही महिन्यांनी पाळीच्या मागे बोराएवढी टणक, गुळगुळीत, खाजणारी गाठ उभी राहिली की घरातील वडीलधाऱ्यांची पहिली तजवीज लिंबाच्या फोडीची, दुसरी कांद्याच्या रसाची आणि तिसरी ई-जीवनसत्त्वाच्या गोळीतील तेलाची असते. या तिन्ही इलाजांमागील सद्भाव निर्विवाद असला, तरी त्यांची शिफारस करावी असा पुरावा मात्र तुटपुंजाच आहे. लिंबाच्या आम्लाने त्वचा पोळते, उन्हात अधिकच काळवंडते. आणि ज्या शरीराची प्रवृत्तीच जखमेवर वाजवीपेक्षा अधिक तंतू विणण्याची, त्याला नवी इजा करणे हे शहाणपण कोणते? ई-जीवनसत्त्वाची हकीकतही अशीच: १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात त्याने व्रण सुधारल्याचे दिसले नाही, उलट सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या त्वचेचा दाह झाला.

घरी करण्याजोगे काहीच नाही, असे नव्हे. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकोनची पट्टी दिवसाचे बारा तास तरी, काही महिने नेटाने लावावी, बोटाच्या पेराने हलका दाब देत चोळावे (तेल कोणते, हा वाद गौण). परंतु जखमेची मूळ सीमा ओलांडून पसरणारा व्रण, म्हणजेच केलॉइड, एवढ्याने सहसा दाद देत नाही. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडून स्टेरॉइडचे इंजेक्शन लागते, आणि नुसता कापून काढल्यास तो पुष्कळदा पुन्हा उद्भवतो. ज्यांच्या घराण्यात असे व्रण आहेत, त्यांनी हौसेखातर टोचून घेण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.