इफ्तारनंतरची तालीम

रमजान लागला की सांगली-साताऱ्यातली जिमची पोरे हमखास विचारतात, रोजे धरले तर कमावलेले अंग उतरेल का? आणि लगेच पुढचा प्रश्न, कोणता डबा घेऊ?

डब्याआधी हिशेब बघा. वजने उचलणाऱ्याला दिवसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ७० किलोच्या तरुणाला ११२ ग्रॅम. शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ ग्रॅमहून अधिक, अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७. शिवाय मटकी, डाळ आहेच. इफ्तार, तरावीहनंतरचे जेवण आणि सहेरी अशी तीनदा वाटणी केली की जमते. बिघडते ते भजी-सरबतावर पोट भरून सहेरीला झोपून राहिल्याने. व्यायाम इफ्तारनंतर करावा, पाणी रात्रभर थोडे थोडे प्यावे. झोपही हवीच, थकलेला स्नायू तिच्यातच भरून येतो.

पावडर काही विष नव्हे, बहुतेक दुधातूनच निघते. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत देशात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींपैकी २५ मध्ये लेबलवरचा प्रथिनांचा आकडा जुळला नाही. त्याच वर्षी ‘आयसीएमआर’ने स्नायू कमावण्यासाठी त्या टाळण्याचा सल्ला दिला. स्पर्धेत उतरणाऱ्याने तर जपावेच. भेसळीतून उत्तेजक पोटात गेले तरी बंदी खेळाडूवर येते.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, ते तालमीच्या मातीतून. दोन-अडीच हजारांच्या डब्याऐवजी त्या पैशांत महिनाभर रोज चार अंडी आणि अर्धा लिटर दूध येते.